आधी रचना, मग अंक : विरळ समीकरणसंचांवरील एका ग्रंथाचे परिशीलन

प्रास्ताविक

एकसामयिक रेषीय समीकरणांचा विषय शालेय स्तरावरच शिकून संपतो, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. महाराष्ट्राच्या दहावीच्या अभ्यासक्रमात दोन चलांतील समीकरणे आलेखाने आणि निश्चयकांच्या साहाय्याने, म्हणजे क्रेमरच्या पद्धतीने, सोडविली जातात. पदवीच्या वर्गात चले तीन होतात, क्वचित चार. मॅट्रिक्स, तिचा व्यस्त आणि गाऊसची लोपपद्धती यांचा परिचय होतो. चलांची संख्या वाढली तरी पद्धत तीच राहते, श्रम तेवढे वाढतात आणि ते श्रम संगणक करतो, अशी समजूत घेऊन विद्यार्थी बाहेर पडतो.

ही समजूत किती फसवी आहे, हे एका साध्या हिशेबावरून दिसते. वीस चलांच्या समीकरणांसाठी क्रेमरची पद्धत वापरली आणि निश्चयकाचा व्याख्येनुसार विस्तार केला, तर एकाच निश्चयकात सुमारे २४३ कोटी अब्ज पदे येतात. सेकंदाला शंभर कोटी पदे हाताळणाऱ्या यंत्रालाही त्यासाठी सुमारे ७७ वर्षे लागतील. आणि असे निश्चयक एकूण एकवीस काढावयाचे असतात. तेच काम गाऊसच्या लोपपद्धतीने तीन हजारांच्या आसपास गुणाकारांत आटोपते. चले दहा लाख झाली, की मात्र वर्गात शिकविली जाणारी लोपपद्धतीही अपुरी पडते. तेथे पद्धतीचा विचारच नव्याने करावा लागतो.

हा नवा विचार सांगोपांग मांडणारा ग्रंथ म्हणजे टिमथी डेव्हिस यांचा 'डायरेक्ट मेथड्स फॉर स्पार्स लिनिअर सिस्टिम्स' होय. 'सोसायटी फॉर इंडस्ट्रियल अँड अप्लाइड मॅथेमॅटिक्स' या संस्थेने तो २००६ मध्ये प्रकाशित केला. सव्वादोनशे पानांच्या आतला हा ग्रंथ या विषयातील प्रमाण ग्रंथांत गणला जातो. प्रस्तुत लेखात त्याच्या गाभ्याचे परिशीलन करून त्याचे सामर्थ्य व मर्यादा यांचा विचार केला आहे. समीकरणांत कोणते अंक आहेत याआधी ते अंक कोठे आहेत, हे पाहावे, ही या ग्रंथाची मुख्य शिकवण आहे आणि आपल्या अध्यापनात नेमकी तीच निसटते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

विरळपणाचे स्वरूप

ज्या मॅट्रिक्समध्ये बहुसंख्य घटक शून्य असतात, तिला विरळ मॅट्रिक्स म्हणतात. किती शून्ये असली म्हणजे मॅट्रिक्स विरळ ठरते, याला ठरावीक टक्केवारी नाही. शून्यांची दखल घेण्यात फायदा असेल एवढी ती असली म्हणजे पुरे, असे व्यवहारी उत्तर या शास्त्रात रूढ आहे.

असा विरळपणा सृष्टीत आणि व्यवहारात सर्वत्र आढळतो. विजेच्या जाळ्यातील प्रत्येक उपकेंद्र मोजक्याच उपकेंद्रांशी तारांनी जोडलेले असते. पुलाच्या सांगाड्यातील प्रत्येक सांध्यावर मोजक्याच तुळया येतात. चौकोनी पत्र्यावरील तापमान काढण्यासाठी त्यावर हजार गुणिले हजार बिंदूंची जाळी कल्पिली, तर दहा लाख चले मिळतात; परंतु प्रत्येक बिंदूचा संबंध वर, खाली, डावीकडे व उजवीकडे असलेल्या चारच शेजाऱ्यांशी येतो. या मॅट्रिक्समध्ये शून्येतर घटक फक्त ४९ लाख ९६ हजार असतात. शून्यांसह सर्व घटक साठवायचे झाल्यास आठ टेराबाइट स्मृती लागेल. शून्येतर घटक आणि त्यांचे पत्ते एवढेच साठविले, तर सुमारे साठ मेगाबाइट पुरतात.

याच मॅट्रिक्सचा व्यस्त काढला, तर त्यात एकही शून्य उरत नाही. म्हणजे पुस्तकात सुबक दिसणारे 'व्यस्ताने गुणा' हे सूत्र येथे साठ मेगाबाइटांचा प्रश्न आठ टेराबाइटांचा करून ठेवते. विरळ समीकरणांच्या शास्त्रात म्हणूनच व्यस्त काढीत नाहीत. मॅट्रिक्सचे दोन त्रिकोणी अवयव करतात आणि त्यांच्या आधारे उत्तरापर्यंत जातात. उत्तराचा अंदाज घेऊन तो क्रमाक्रमाने सुधारत नेणाऱ्या पद्धतींहून हा मार्ग वेगळा आहे. मोजक्या टप्प्यांत उत्तर देणाऱ्या या पद्धतींना प्रत्यक्ष पद्धती म्हणतात.

क्रमाचा प्रश्न

कोणत्या चलाचा लोप आधी करावा आणि कोणत्याचा नंतर, हा प्रश्न शाळेत गौण असतो, कारण कोणताही क्रम घेतला तरी उत्तर तेच येते. विरळ समीकरणांत मात्र सारे काही या क्रमावर अवलंबून असते. हजार चलांपैकी एक चल मध्यवर्ती आहे आणि उरलेल्या ९९९ चलांचा संबंध फक्त त्याच्याशी येतो, अशी कल्पना करू. मॅट्रिक्समध्ये शून्येतर घटक २,९९८ आहेत. मध्यवर्ती चलाचा लोप प्रथम केला, तर उरलेली सर्व चले परस्परांत गुंततात आणि त्रिकोणी अवयवात ५,००,५०० घटक येतात. त्याच चलाचा लोप शेवटी केला, तर केवळ १,९९९ घटक येतात. नवीन एकही उद्भवत नाही. समीकरणे तीच, उत्तर तेच. श्रमांत मात्र जमीनअस्मानाचा फरक.

यामागचे कारण ग्राफच्या भाषेत सहज सांगता येते. प्रत्येक चल हा एक बिंदू आणि प्रत्येक शून्येतर सहगुणक हा दोन बिंदूंमधील दुवा मानला, तर एका चलाचा लोप करणे म्हणजे तो बिंदू काढून त्याचे सर्व शेजारी परस्परांशी जोडणे होय. सेमूर पार्टर यांनी १९६१ मध्ये ही दृष्टी मांडली. असे जे नवे दुवे निर्माण होतात, त्यांना आपण 'भराव' म्हणू. भराव कमीत कमी ठेवणे ही प्रत्यक्ष पद्धतींची पहिली चिंता आहे.

या चिंतेची सुरुवात गणिताच्या विभागात झालेली नाही, ही बाब बहुविद्याशाखीय वाचकाने ध्यानी घ्यावी. पुढे १९९० मध्ये गुंतवणुकीच्या सिद्धांतासाठी अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५७ मध्ये रेषीय नियोजनाच्या संदर्भात लोपासाठी घटक निवडण्याचा एक नियम सांगितला. ज्याच्या ओळीत व स्तंभात शून्येतर घटक कमी, त्याला आधी घ्यावे, असा त्याचा आशय होता. १९६७ मध्ये अमेरिकेतील बॉनव्हिल पॉवर ॲडमिनिस्ट्रेशनमधील टिनी आणि वॉकर यांनी वीजजाळ्यांच्या गणितासाठी याच जातीचा नियम अमलात आणला. ॲलन जॉर्ज यांनी १९७३ मध्ये जाळीचे मधोमध विभाजन करून दुभाजक बिंदूंचा लोप शेवटी करण्याची युक्ती दिली. पत्र्याच्या उदाहरणात एकामागून एक ओळ घेत गेल्यास अवयवात सुमारे शंभर कोटी घटक येतात. जॉर्ज यांच्या क्रमाने ते काही कोटींवर येतात.

सर्वांत कमी भरावाचा क्रम हमखास शोधून देणारी कार्यक्षम रीत मात्र कोणापाशीही नाही. हा प्रश्न संगणनशास्त्रात अत्यंत कठीण मानल्या गेलेल्या प्रश्नांच्या वर्गात मोडतो, हे यानाकाकिस यांनी १९८१ मध्ये सिद्ध केले. म्हणून येथे जे काही चालते ते चांगल्या अदमासावर चालते, आणि तो अदमास किती चांगला यावर काम काही मिनिटांत होणार की होणारच नाही, हे ठरते.

ग्रंथाचे अंतरंग

ग्रंथाची दहा प्रकरणे आहेत. मूलभूत क्रिया, त्रिकोणी समीकरणे, चोलेस्की अवयवीकरण, लंबकोनी पद्धती, सर्वसाधारण मॅट्रिक्सचे अवयवीकरण, भराव कमी करणारे क्रम अशी विषयाची चढती मांडणी त्यात आहे. या सर्वांबरोबर 'सीस्पार्स' ही सी भाषेतील आज्ञावली चालते. दोन हजारांहून थोड्या अधिक ओळींची ही आज्ञावली हाच या ग्रंथाचा कणा आहे. येथे सिद्धांत आणि त्याची अंमलबजावणी एकमेकांपासून दूर ठेवलेली नाहीत. वाचकाला सिद्धांत कळला की नाही, याची परीक्षा आज्ञावलीच्या पुढच्या ओळीवरच होते.

ग्रंथाचा विचार समजून घेण्यासाठी त्रिकोणी समीकरणांवरील तिसरे प्रकरण पुरेसे आहे. उजव्या बाजूचा सदिशही विरळ असेल, तर उत्तरातील कोणते घटक शून्येतर असतील? प्रत्येक घटक काढून तो शून्य आहे का ते पाहणे, हा सरळ मार्ग झाला. पण तसे केल्यास शून्ये तपासण्यातच बहुतेक वेळ जातो. गिल्बर्ट आणि पायर्ल्स यांनी १९८८ मध्ये दाखवून दिलेला मार्ग वेगळा आहे. मॅट्रिक्सचा ग्राफ घ्यावा, उजव्या बाजूच्या शून्येतर स्थानांपासून दुव्यादुव्याने जेथवर पोहोचता येईल तेथवर जावे. जेवढी स्थाने गाठली गेली तेवढीच उत्तरात शून्येतर असू शकतात. एकही गुणाकार करण्यापूर्वी उत्तराचा आकार हाती येतो आणि नंतरचा वेळ केवळ आवश्यक गुणाकारांच्या प्रमाणात लागतो.

हेच सूत्र चौथ्या प्रकरणात लोपवृक्षाच्या रूपाने विस्तारते. त्रिकोणी अवयवाच्या प्रत्येक स्तंभात कर्णाखाली पहिला शून्येतर घटक ज्या ओळीत येतो, त्या क्रमांकाचा स्तंभ हा त्याचा जनक मानला, की सर्व स्तंभांचा मिळून वृक्ष तयार होतो. कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे, कोणती कामे एकाच वेळी स्वतंत्रपणे करता येतील, अवयवाला किती स्मृती लागेल, या सर्व प्रश्नांची उत्तरे या वृक्षातून मिळतात. आणि हा वृक्ष अवयवीकरणाच्या आधी, मूळ मॅट्रिक्सच्या आकारावरूनच उभा करता येतो.

या विभागणीचे व्यावहारिक मोल किती आहे, हे मराठी वाचकाला परिचित असलेल्या एका नावावरून ध्यानात येईल. मुंबईच्या आयआयटीचे पदवीधर नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये रेषीय नियोजनाची जी अंतर्गत-बिंदू पद्धत मांडली, तिच्या प्रत्येक फेरीत एक मोठा सममित समीकरणसंच सोडवावा लागतो. फेरीगणिक त्यातील अंक बदलतात, परंतु शून्ये कोठे आहेत ते बदलत नाही. त्यामुळे क्रमरचना आणि लोपवृक्ष एकदाच सिद्ध करून प्रत्येक फेरीत फक्त अंकांचे काम करावे लागते. रचना आणि अंक हे दोन टप्पे वेगळे ठेवण्याचा लाभ इतका उघडपणे फार थोड्या ठिकाणी दिसतो.

रचना आणि अंक यांचा कलह

'आधी रचना, मग अंक' हे तत्त्व सममित धन-निश्चित मॅट्रिक्सच्या बाबतीत निर्वेध चालते, कारण तेथे कोणत्याही क्रमाने लोप केला तरी गणित ढासळत नाही. सर्वसाधारण मॅट्रिक्सच्या बाबतीत मात्र या तत्त्वाला धक्का बसतो.

पुढील दोन समीकरणे पाहावीत : ०.०००२ क्ष + य = १ आणि क्ष − य = १. क्षची खरी किंमत जवळजवळ २ आणि यची जवळजवळ १ आहे. तीनच सार्थ अंक ठेवणाऱ्या यंत्रावर पहिल्या समीकरणाच्या आधारे क्षचा लोप केला, तर −५००१ य = −४९९९ हे समीकरण −५००० य = −५००० असे नोंदले जाते. त्यावरून य = १ मिळते आणि ते पहिल्या समीकरणात घालताच क्ष = ० येते. उत्तर सपशेल चुकते. दुसऱ्या समीकरणापासून प्रारंभ केल्यास त्याच यंत्रावर क्ष = २, य = १ हे योग्य उत्तर मिळते. म्हणजे लोपासाठी निवडलेला घटक, ज्याला पिव्हट म्हणतात, फार लहान असून चालत नाही.

भराव टाळण्यासाठी जो घटक घ्यावासा वाटतो, तोच लहान निघाला तर काय करावे? आकडे हाती आल्याखेरीज हे कळत नाही, आणि आकडे पाहून क्रम बदलला तर आधी केलेले रचनेचे भाकीत कोलमडते. ग्रंथाच्या सहाव्या प्रकरणात यावरचे मार्ग येतात : कोणतीही निवड झाली तरी अवयव ज्या मर्यादेबाहेर जाणार नाहीत ती मर्यादा आधीच काढून ठेवणे, किंवा सर्वांत मोठा घटक घेण्याचा आग्रह न धरता पुरेसा मोठा घटक स्वीकारणे. हे मार्ग योग्यच आहेत. परंतु 'पुरेसा मोठा' म्हणजे किती, आणि त्या सवलतीची किंमत उत्तराच्या अचूकतेत किती मोजावी लागते, याच्या विवेचनाला ग्रंथात दिलेली जागा अल्प आहे. विषयातील खरा पेच जेथे आहे तेथे लेखणी घाईने पुढे सरकते. या बाबतीत वाचकाने निकोलस हायम यांच्या संगणनातील अचूकतेवरील ग्रंथाची जोड घेणे इष्ट ठरेल.

मर्यादांची चर्चा

ग्रंथाच्या मांडणीविषयी एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. प्रत्यक्ष कामात क्रमरचना सर्वांत आधी होते. ग्रंथात ती सातव्या प्रकरणात येते. त्यातील काही कृती समजण्यासाठी लोपवृक्षाचे ज्ञान लागते, हे लेखकाच्या बाजूने म्हणता येईल. तथापि भराव म्हणजे काय आणि क्रम का महत्त्वाचा, हे आधी मनावर ठसले नसेल, तर वाचक अवयवीकरणाच्या तपशिलात शिरतो खरा, पण हा सारा खटाटोप कशासाठी, हे त्याला उमगत नाही. क्रमाचे महत्त्व सांगणाऱ्या ग्रंथाचा स्वतःचा क्रम असा असावा, हे खटकते.

दुसरी मर्यादा आज्ञावलीची आहे. 'सीस्पार्स' वाचण्यासाठी लिहिलेली आहे. वेगाचा उच्चांक गाठणे हा तिचा हेतू नव्हे. सारख्या आकाराचे स्तंभ एकत्र बांधून त्यांवर घन मॅट्रिक्सच्या जलद क्रिया करण्याचे तंत्र आजच्या संगणकांवर निर्णायक ठरते. ग्रंथात या तंत्राची चर्चा आहे, परंतु सी भाषेतील आज्ञावलीत ते उतरलेले नाही. ते पाहावयाचे तर डेव्हिस यांच्याच 'कोलमॉड' आणि 'यूएमएफपॅक' या आज्ञावलींकडे जावे लागते. त्या इतक्या विस्तृत आहेत की शिकणाऱ्याने त्या वाचून काढणे अवघड आहे. सुबोधता आणि वेग यांपैकी लेखकाने सुबोधता निवडली. शिक्षकाच्या दृष्टीने ती निवड योग्य मानावी लागेल.

तिसरी गोष्ट आवाक्याची. पत्र्याऐवजी शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर बिंदूंचा घनाकृती ठोकळा घेतला, तर चले तेवढीच, म्हणजे दहा लाख राहतात. परंतु उत्तम क्रम घेऊनही क्रियांची संख्या पत्र्याच्या तुलनेत साधारण हजारपटीने वाढते. त्रिमितीय प्रश्नांत प्रत्यक्ष पद्धती अशी दमते आणि क्रमशः सुधारणेच्या पद्धतींना वाव मिळतो. ग्रंथाने आपले क्षेत्र आखून घेतले आहे, हे मान्य करूनही ही सीमा वाचकाला ठळकपणे दिसावयास हवी होती.

समकक्ष ग्रंथांशी तुलना केल्यास प्रत्येकाचे स्थान स्पष्ट होते. जॉर्ज आणि लिऊ यांचा १९८१ मधील ग्रंथ सममित मॅट्रिक्सपुरता मर्यादित, पण ग्राफची दृष्टी देण्यात अजोड आहे. डफ, एरिसमन आणि रीड यांचा १९८६ चा ग्रंथ, ज्याची दुसरी आवृत्ती २०१७ मध्ये आली, अधिक विस्तृत असून स्थैर्याच्या प्रश्नाला न्याय देतो. २००६ नंतरच्या प्रगतीसाठी डेव्हिस यांनीच राजमाणिकम आणि सिद-लखदर यांच्यासह २०१६ मध्ये लिहिलेला आढावा आणि स्कॉट व टूमा यांचा २०२३ मधील ग्रंथ उपलब्ध आहेत. परंतु पूर्ण आज्ञावली हाती ठेवून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येईल असा ग्रंथ म्हणून डेव्हिस यांच्या ग्रंथाचे महत्त्व आजही टिकून आहे.

समारोप

या ग्रंथासाठी लागणारी पूर्वतयारी आपल्या महाविद्यालयांत दोन वेगळ्या खोल्यांत विभागलेली आहे. गणिताच्या विद्यार्थ्याला चोलेस्कीचे अवयवीकरण माहीत असते, पण ग्राफमध्ये खोलवर शोध कसा घेतात हे माहीत नसते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो शोध लिहिता येतो, पण तो कशासाठी लिहावा हे त्याला कोणी सांगितलेले नसते. अभियांत्रिकीचा विद्यार्थी मॅटलॅबमध्ये एक तिरपी रेघ देऊन उत्तर मिळवितो आणि त्या रेघेमागे कोणता क्रम निवडला गेला, कोणती पद्धत लागू झाली, याचा विचार त्याला करावा लागत नाही. उत्तर मिळते तोवर हे चालते. स्मृती अपुरी पडते किंवा उत्तर संशयास्पद येते, तेव्हा मात्र या तिघांपैकी कोणापाशीही पुरे ज्ञान नसते.

यावरचा उपाय खर्चिक नाही. तीन गुणिले तीन बिंदूंची जाळी फळ्यावर काढावी. विद्यार्थ्यांना प्रथम ओळीने आणि नंतर चार कोपरे आधी घेऊन लोप करावयास सांगावे व दोन्ही वेळी नव्याने उद्भवलेले दुवे मोजावयास लावावे. ओळीने गेल्यास आठ दुवे वाढतात. कोपऱ्यांपासून गेल्यास पाच. संगणक नाही, आज्ञावली नाही. एका तासिकेत खडू आणि फळा यांच्या साहाय्याने हा विषयाचा गाभा समजतो. त्यानंतर डेव्हिस यांच्या ग्रंथाच्या सातव्या प्रकरणाचा आरंभ, मग तिसरे आणि चौथे प्रकरण, असा क्रम ठेवल्यास पदव्युत्तर वर्गाला हा ग्रंथ पेलण्याजोगा आहे, आणि गणित व संगणकशास्त्र या दोन विभागांनी तो एकत्र शिकविणे हेच त्याच्या स्वरूपाला धरून होईल.

अंकांचे काम यंत्रावर सोपविता येते. कोणते काम करावयाचे आणि कोणते टाळावयाचे, हे ठरविण्याची दृष्टी मात्र शिकवावी लागते. सदर ग्रंथ, त्याच्या सर्व मर्यादांसह, ती दृष्टी देतो. म्हणून प्रत्येक विज्ञान महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तो असावा आणि अभ्यासक्रमातही त्याला स्थान मिळावे.